‘सिन्स यू वेन्ट अवे’ : युद्धकालीन घराचा जमाखर्च आणि त्यातील न मांडलेली कलमे

युद्धविषयक साहित्याची आणि चित्रपटांची समीक्षा करताना आपले लक्ष साहजिकच रणभूमीकडे जाते. शौर्य, भय, मृत्यू, सदसद्विवेकाचा पेच हे सारे तेथे एकवटलेले असते. ज्या घरातून सैनिक निघून गेला त्या घराचे पुढे काय झाले, भाडे कोणी भरले, साखर कशी पुरवली, मुलांचे बूट कोणत्या कुपनावर घेतले, हे प्रश्न समीक्षेला नेहमीच किरकोळ वाटत आले आहेत. किंबहुना असे प्रश्न हाताळणारी कलाकृती म्हणजे ‘कौटुंबिक’, कौटुंबिक म्हणजे भावविवश आणि भावविवश म्हणजे दुय्यम, असा एक अलिखित दंडकच दिसतो. या दंडकाचा बळी ठरलेल्या एका चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. डेव्हिड ओ. सेल्झनिक यांची निर्मिती आणि जॉन क्रॉमवेल यांचे दिग्दर्शन असलेला ‘सिन्स यू वेन्ट अवे’ हा अमेरिकन चित्रपट १९४४ साली प्रदर्शित झाला. त्याची गणना सामान्यतः अश्रुपटांत अथवा प्रचारपटांत केली जाते. दोन्ही वर्णने खोटी नाहीत, पण ती अपुरी आहेत. पती सैन्यात असताना पत्नीने चालविलेल्या घराचा जमाखर्च इतक्या विस्ताराने मांडणारे चित्रपट त्या काळी फार निघाले नाहीत. तो जमाखर्च कलमवार तपासला तर काही कलमे मांडलेलीच नाहीत असे आढळते. ती कोणती व का वगळली गेली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

चित्रपटाचे मूळ मार्गारेट ब्यूएल वाइल्डर यांच्या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या छोटेखानी पुस्तकात आहे. सैन्यात गेलेल्या पतीला पत्नीने लिहिलेली पत्रे असे त्याचे स्वरूप. रूपांतराचे श्रेय वाइल्डर यांना देण्यात आले असले तरी पटकथा सेल्झनिक यांनी स्वतःच्या नावावर, किंबहुना ‘निर्माता’ या बिरुदावर, घेतली. परिणामी एका गृहिणीच्या पत्रांतील मजकूर सुमारे पावणेतीन तासांच्या भव्य पटात रूपांतरित झाला. कथा १९४३ च्या जानेवारीत सुरू होते आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला संपते. जाहिरातक्षेत्रात चांगली मिळकत असलेले टिम हिल्टन कॅप्टन म्हणून सैन्यात दाखल झाले आहेत. घरी पत्नी ॲन (क्लॉडेट कोलबेर), दोन वयात येणाऱ्या मुली जेन (जेनिफर जोन्स) आणि ब्रिग (शर्ली टेम्पल), एक बुलडॉग आणि फिडेलिया (हॅटी मॅकडॅनियल) ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. संपूर्ण चित्रपटात टिमचे दर्शन छायाचित्रापलीकडे होत नाही. प्रारंभीच कॅमेरा त्याची रिकामी खुर्ची, त्याच्या वस्तू, त्याची वाट पाहणारा कुत्रा यांवरून फिरतो. नायक अनुपस्थित आहे आणि घर हीच कथेची नायिका आहे, हे एकही संवाद न उच्चारता प्रस्थापित करणारा हा प्रारंभ आजही प्रभावी वाटतो. शीर्षकांच्या वेळीच प्रेक्षकाला बजावले जाते की ही अमेरिकन घर नावाच्या एका अजिंक्य दुर्गाची कथा आहे. दुर्ग हा शब्द ध्यानात ठेवावा. दुर्गाला तटबंदी असते, त्यात शिबंदी असते आणि शिबंदीला पोसावे लागते.

पत्रातून पडद्यावर येताना काय हरवते, याचा विचार प्रथम करू. सैनिकाला लिहिलेले पत्र हा एक विलक्षण अवघड लेखनप्रकार आहे. लिहिणारीला खरे सांगायचे असते आणि वाचणाऱ्याला काळजीत पाडायचे नसते. त्या काळातील अमेरिकन मासिके आणि शासकीय प्रसिद्धी गृहिणींना सतत सांगत असत की पत्रे आनंदी असावीत, अडचणींचे पाढे त्यांत वाचू नयेत. जून १९४२ मध्ये ‘व्ही-मेल’ची पद्धत सुरू झाली, पत्राचे सूक्ष्मचित्र घेऊन ते विमानाने धाडायचे आणि पलीकडे पुन्हा कागदावर उतरवायचे. म्हणजे जागा एका पानाची, वाटेत परीनिरीक्षकाची नजर आणि त्याहून कडक नजर स्वतःचीच. ज्युडी बॅरेट लिटॉफ आणि डेव्हिड सी. स्मिथ या अभ्यासकांनी पुढे अमेरिकन स्त्रियांची अशी हजारो पत्रे मिळवली आणि १९९१ साली त्यांचे एक संकलन प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षकही ‘सिन्स यू वेन्ट अवे’ असेच आहे. आघाडीवरील पुरुषांना पत्रे जपून ठेवणे अवघड होते, म्हणून सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांच्या मानाने स्त्रियांची पत्रे फार कमी उरली. या संकलनातील खऱ्याखुऱ्या पत्रांत पैशांचा विषय पुनःपुन्हा येतो : भाडे, कर्जाचा हप्ता, डॉक्टरचे बिल, बाळाच्या दुधाचा खर्च. आनंदी राहण्याचा दंडक पाळत पाळत या स्त्रिया आकडे लिहीतच राहतात, कारण आकडा हा एकच असा मजकूर होता जो रडगाणे न ठरता खरे सांगू शकत होता.

चित्रपटात या पत्रांचे ॲनच्या निवेदनात रूपांतर झाले आहे. ती मनातल्या मनात टिमशी बोलते, प्रेक्षक ऐकतात. त्यामुळे पत्रलेखनातील लपवाछपवीचा ताण नाहीसा होतो आणि निखळ विरहभावना तेवढी शिल्लक राहते. मला ही या रूपांतरातील सर्वात मोठी हानी वाटते. मॅक्स स्टायनर यांच्या संगीताने ती भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर त्या संगीतालाच मिळाले, हा योगायोग काहीसा मार्मिक आहे.

आता उत्पन्नाची बाजू. घरातील आवक एकदम घटली आहे आणि पूर्वीच्या राहणीमानाने चालणार नाही, हे चित्रपट आडपडदा न ठेवता सांगतो. पण ही आवक कॅप्टनच्या पगाराची आहे. १९४२ च्या वेतनकायद्यानुसार कॅप्टनचे मूळ वेतन वर्षाला २,४०० डॉलर, म्हणजे महिना २०० डॉलर होते, भत्ते निराळे. साध्या शिपायाचे मूळ वेतन महिना ५० डॉलर. जून १९४२ मध्ये संमत झालेल्या सैनिक-अवलंबितांच्या भत्त्याच्या कायद्याने शिपायाच्या पत्नीला महिना ५० डॉलर देण्याची सोय केली. त्यांतील २२ डॉलर पतीच्या पगारातून कापले जात आणि २८ डॉलर सरकार घालीत असे. पहिल्या अपत्यासाठी १२ आणि पुढील प्रत्येकासाठी १० डॉलर. म्हणजे ॲनप्रमाणे दोन मुली असलेल्या शिपायाच्या पत्नीच्या हाती महिना ७२ डॉलर पडत. हे अपुरे आहे हे लवकरच मान्य करावे लागले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये, चित्रपटाची कथा ज्या वर्षात घडते त्याच वर्षात, पहिल्या अपत्याचा भत्ता ३० व पुढील प्रत्येकाचा २० डॉलर करण्यात आला. हा कायदा अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी नव्हता. सेल्झनिक यांनी ॲनला अधिकाऱ्याची पत्नी केले त्या क्षणी लक्षावधी कुटुंबांचे सर्वात मोठे आर्थिक वास्तव, न्यूअर्क येथील कचेरीतून येणारा तो मासिक धनादेश, कथेच्या बाहेर गेला. धनादेश लांबला तर काय, पती बेपत्ता झाला तर तो चालू राहणार की नाही, त्याच्या आईने त्यावर हक्क सांगितला तर काय, हे प्रश्नही त्याबरोबर गेले. हिल्टन कुटुंबाची ओढाताण खरी आहे, परंतु ती सुखवस्तूंची ओढाताण आहे.

याच संदर्भात मुलींची वयेही पाहावीत. दोघीही स्वतःचे स्वतः पाहू शकतील अशा आहेत. युद्धकाळातील नोकरदार आयांसमोरचा सर्वात बिकट प्रश्न, अर्थात लहान मुलाला कोठे ठेवायचे, हा ॲनला पडतच नाही. संघराज्य सरकारने लॅनहॅम कायद्याखाली चालविलेल्या तीन हजारांहून अधिक शिशुकेंद्रांत १९४४ च्या उन्हाळ्यात सुमारे १,३०,००० मुले होती आणि ही सोय गरजेच्या मानाने तोकडी असल्याची ओरड तेव्हाही होती. चित्रपटाच्या उत्तरार्धात ॲन जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम शिकते, हे दृश्य उत्साहवर्धक आहे. ती घरी नसताना चूल कोण सांभाळते, याचे उत्तर मात्र फिडेलियाकडे जाते, आणि फिडेलियाचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

त्याआधी भाडेकरू. पैशांची तोंडमिळवणी करण्यासाठी ॲन घरातील एक खोली भाड्याने देते आणि निवृत्त कर्नल स्मॉलेट (मॉन्टी वूली) आपल्या कडक शिस्तीसह दाखल होतो. हा भाग चित्रपटातील सर्वात रंजक आणि माझ्या मते सर्वात प्रामाणिक आहे. मध्यमवर्गीय घरात परका पुरुष येतो, न्याहारीच्या वेळा ठरवतो, कुत्र्यावरून कुरकुरतो. आणि गृहिणीला आपल्याच घरात यजमानीण आणि घरमालकीण या दोन भूमिकांत विभागून घ्यावे लागते. आपले घर दुसऱ्याला विकत देण्यातली लाज, त्या लाजेवर मात करताना येणारा कोरडा विनोद, आणि काही महिन्यांतच व्यवहाराचे नात्यात होणारे रूपांतर हे सारे पटकथेने जाणतेपणाने टिपले आहे. त्या वर्षी अमेरिकेत घर दोन चलनांवर चालत होते : डॉलर आणि गुण. मार्च १९४३ पासून डबाबंद पदार्थांसाठी निळे आणि मांस, लोणी, चीज यांसाठी तांबडे गुण लागू झाले. दर माणशी महिन्याला ४८ निळे व ६४ तांबडे गुण मिळत. अशा वेळी भाडेकरू म्हणजे भाडे तर खरेच, शिवाय स्वयंपाकघरात येणारे आणखी एक रेशनपुस्तक. कर्नलच्या नातवाशी, बिलशी (रॉबर्ट वॉकर), जेनचे जडलेले प्रेम, रेल्वेस्थानकावरील त्यांचा निरोप आणि सालेर्नोच्या लढाईत बिलला आलेला मृत्यू हा कथेचा भावनिक कणा मानला जातो. निरोपाचे ते दृश्य त्याच्या कीर्तीला साजेसेच आहे. तथापि बिलच्या मृत्यूची बातमी या घराला इतकी जिव्हारी लागते, याचे कारण त्याचा आजोबा या घरात महिन्याचे भाडे देऊन आलेला आहे, हे विसरता कामा नये. दुःखाचीही वाट पैशाच्या अडचणीतूनच घरात आली.

साठेबाजीच्या प्रश्नावर चित्रपट अधिक सोपा मार्ग निवडतो. एमिली हॉकिन्स (ॲग्नेस मूरहेड) ही ॲनच्या वर्तुळातील बाई मिळेल तो माल दडवून ठेवते आणि जेनने रुग्णालयात परिचारिकेची मदतनीस म्हणून घायाळांची सेवा करणे तिला अप्रशस्त वाटते. मायलेकी तिला खडे बोल सुनावतात. प्रेक्षकाला समाधान मिळते. परंतु काळ्या बाजाराचा सारा दोष एका नटव्या, स्वार्थी स्त्रीच्या माथी मारल्याने तो बाजार पुरवठ्याच्या कोणत्या साखळीवर उभा होता हे झाकले जाते. युद्धमाहिती कार्यालयाने १९४२ मध्ये चित्रपटउद्योगासाठी एक मार्गदर्शिका काढली होती. हा चित्रपट युद्ध जिंकण्यास मदत करील काय, असा प्रश्न प्रत्येक निर्मात्याने स्वतःला विचारावा, असा तिचा आग्रह होता. एमिलीचे पात्र हे या प्रश्नाला दिलेले सरळसोट उत्तर वाटते.

आता फिडेलिया. आवक घटल्यावर ॲन तिला कामावरून कमी करते. फिडेलिया दुसऱ्या घरी नोकरी धरते, आणि नंतर परत येऊन हिल्टनांच्याच घरी राहू लागते. दुसरीकडचे काम आटोपून उरलेल्या वेळात ती येथे वेतनाविना स्वयंपाक व घरकाम करते. पटकथेला हे निष्ठेचे उदाहरण म्हणून अभिप्रेत आहे. हॅटी मॅकडॅनियल या असामान्य गुणवत्तेच्या अभिनेत्री. ‘गॉन विथ द विंड’मधील भूमिकेसाठी ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. या भूमिकेतही त्या दोन-तीन ठिकाणी केवळ नजरेने असे काही सुचवून जातात की जे संवादांत नाही. पण भूमिकेची रचनाच अशी आहे की तिला स्वतःचे घर नाही, स्वतःची माणसे नाहीत, युद्धात गेलेला स्वतःचा कोणी नाही. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर हिल्टन कुटुंबाची तूट भाडेकरूच्या पैशांनी काही अंशी आणि फिडेलियाच्या न दिलेल्या पगाराने काही अंशी भरून निघते. पहिली रक्कम चित्रपट चारचौघांत मोजतो, दुसरीला प्रेम म्हणतो.

हे केवळ आजच्या दृष्टीने खटकणारे आहे, असा बचाव केला जाऊ शकतो. तो टिकण्यासारखा नाही. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतील नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के परक्यांच्या घरी घरकाम करीत होत्या. जून १९४१ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशाने संरक्षण-उद्योगात वर्णभेद करण्यास मनाई झाली. अंमलबजावणी अर्धवट होती, कारखान्यांत वाट्याला येणारी कामे बहुधा सर्वात कष्टाची व मलिन असत, तरीही संधी मिळताच फार मोठ्या संख्येने या स्त्रियांनी घरकाम सोडले. मोलकरीण मिळत नाही, ही त्या वर्षांतील गोऱ्या मध्यमवर्गीय घरांची नित्याची तक्रार होती. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४२ पासून परदेशातील फॅसिझम आणि देशातील वर्णद्वेष या दोन्हींवर विजय, अशी दुहेरी विजयाची मोहीम चालविली होती. तात्पर्य, खरी फिडेलिया १९४३ साली ज्या दिशेने चालली होती त्याच्या नेमक्या उलट दिशेने चित्रपट तिला चालवतो. कारखान्यात वेल्डिंगची ज्योत पेटवण्याचे काम तिने केले असते तर तिला वेतन मिळाले असते. ते काम ॲनला मिळते, आणि ॲनला ते करता यावे म्हणून फिडेलिया चुलीपाशी परत येते. कारखान्यात ॲनला भेटणारी स्थलांतरित सहकारी झोफिया (नाझिमोव्हा) मात्र अमेरिकेविषयीचे आपले स्वप्न ॲनच्या रूपाने साकार झाल्याचे गहिवरून सांगते. सागरापलीकडून आलेल्या स्त्रीला जे स्वप्न पाहण्याची मुभा आहे ते स्वयंपाकघरातील स्त्रीला विचारलेही जात नाही.

येथे दुसऱ्या एका चित्रपटाकडे वळणे आवश्यक आहे. एडवर्ड डिमिट्रिक दिग्दर्शित, डाल्टन ट्रम्बो लिखित ‘टेंडर कॉम्रेड’ (१९४३). कलाकृती म्हणून तो ‘सिन्स यू वेन्ट अवे’च्या जवळपासही येत नाही. संवाद भाषणबाजीकडे झुकणारे, पूर्वस्मृतींची दृश्ये लांबलेली, जिंजर रॉजर्स यांचा अभिनय काही ठिकाणी अनावश्यक लाडिक. परंतु घराचा जमाखर्च त्याने अधिक सरळ मांडला आहे. विमानकारखान्यात काम करणाऱ्या चार स्त्रिया, सर्वांचे पुरुष युद्धावर. प्रत्येकीने वेगळी लहानशी खोली घेऊन राहण्यापेक्षा चौघींनी पैसे एकत्र करून एक घर भाड्याने घ्यावे, खर्च वाटून घ्यावा आणि घरातील निर्णय मतदानाने घ्यावेत, असे त्या ठरवतात. घर सांभाळण्यासाठी मान्या ही जर्मन निर्वासित स्त्री येते. तिचा पतीही अमेरिकन सैन्यात आहे. रेशनपेक्षा अधिक मिळालेल्या बेकनवरून घरात वाद पेटतो, आणि नियम मोडणे म्हणजे काय हे सर्वात तळमळीने सांगते ती ही मान्याच, कारण आपल्या देशात लोकशाही कशी हातची गेली हे तिने पाहिलेले आहे. म्हणजे घरकाम करणारी स्त्री येथे घराच्या हिशेबातही आहे आणि घराच्या विवेकातही. तिचाही नवरा लढतो आहे, एवढा एक साधा तपशील फिडेलियाच्या वाट्याला आला असता तर ‘सिन्स यू वेन्ट अवे’चा तोल कितीतरी बदलला असता. अर्थात मान्या गोरी आहे, हेही नोंदवलेच पाहिजे. ट्रम्बो यांच्या घरातही कृष्णवर्णीय स्त्रीला जागा नाही.

या चित्रपटाचे पुढे जे झाले ते समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही. १९४७ साली प्रतिनिधिगृहाच्या अन-अमेरिकन कारवाया समितीने हॉलिवूडमधील साम्यवाद्यांचा शोध आरंभला तेव्हा जिंजर रॉजर्स यांच्या मातोश्री लीला रॉजर्स यांनी या चित्रपटाकडे बोट दाखवले. सर्वांनी समान वाटून घ्यायचे आणि यालाच लोकशाही म्हणतात, अशा आशयाचे वाक्य आपल्या मुलीच्या तोंडी घालण्यात आले, ही त्यांची तक्रार. ते वाक्य होते चार भाडेकरणींनी घरखर्चाची वाटणी करण्याच्या संदर्भातले! चित्रपटाचे शीर्षक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी पत्नीवर लिहिलेल्या कवितेतून घेतले आहे, याचाही ‘कॉम्रेड’ या शब्दाकडे संशयाने पाहणाऱ्यांवर काही परिणाम झाला नाही. ट्रम्बो आणि डिमिट्रिक दोघेही समितीपुढे उत्तरे देण्यास नकार देणाऱ्या ‘हॉलिवूड टेन’मध्ये होते व दोघांनाही १९५० मध्ये कारावास भोगावा लागला. त्यांची राजकीय मते खरोखरच डावी होती, हे मान्य केले तरी प्रश्न उरतो. १९४३ मध्ये शासन स्वतःच स्त्रियांना सांगत होते की मोटारीतून एकत्र प्रवास करा, मिळेल ते वाटून घ्या, नियमाबाहेर घेऊ नका. जे युद्धकाळी देशप्रेम होते ते चार वर्षांनी कटकारस्थान ठरले. खोलीचे भाडे घेणारी ॲन कोणालाही संशयास्पद वाटली नाही. भाडे वाटून घेणाऱ्या चौघी वाटल्या. मालमत्तेवर उभे असलेले घर आणि मजुरीवर उभे असलेले घर यांतील हा भेद दोन्ही चित्रपटांच्या निर्मात्यांपेक्षा त्या समितीलाच अधिक स्पष्टपणे कळला होता, असे उपरोधाने म्हणावेसे वाटते.

हा सारा विचार आपल्याकडील वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. हिल्टनांच्या घरात निळ्या-तांबड्या गुणांचा हिशेब सुरू होता त्याच वर्षी, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. बिल ज्या इटलीत मरण पावतो त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण दिले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पराक्रमांची नोंद पलटणींच्या इतिहासांत सविस्तर सापडते. साताऱ्याच्या आणि कोकणाच्या गावांतून पलटणीत गेलेल्या पुरुषांच्या मागे शेत कोणी कसले, टपालातून आलेली मनिऑर्डर घरात कोणाच्या हाती पडली, सासऱ्याच्या की सुनेच्या, आणि त्यातून सावकाराचे किती फिटले, हा अभ्यास मात्र इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य या तिन्ही विभागांनी परस्परांवर ढकलण्याजोगा राहिला आहे. अमेरिकन अभ्यासकांना स्त्रियांची पत्रे तरी मिळाली. जिला लिहिता येत नव्हते अशा स्त्रीचा जमाखर्च शोधायचा तर पोस्टाची व महसुलाची दप्तरे आणि जात्यावरच्या ओव्या एकत्र वाचाव्या लागतील.

‘सिन्स यू वेन्ट अवे’च्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पती बेपत्ता झाल्याची तार येते त्यानंतरच्या भागात चित्रपट ॲनला कोसळू देत नाही, आणि तिला वीरांगनाही करत नाही. ती काम शोधते. दुःखातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून नोकरी, असा सोपा अर्थ त्याला लावता येतो. पण कोलबेर यांच्या अभिनयात आणखी काही आहे. आतापर्यंत घर टिमसाठी, तो परतेपर्यंत, राखून ठेवायचे होते. तार आल्यानंतर ते तिचे होते. १९४४ पर्यंत अमेरिकेतील नोकरदार स्त्रियांत विवाहितांची संख्या इतिहासात प्रथमच अविवाहितांपेक्षा अधिक झाली. त्या आकड्यामागील मनःस्थिती, म्हणजे ‘तात्पुरते’ म्हणून पत्करलेले काम नकळत आपले होऊन जाणे, कोलबेर यांच्या चेहऱ्यावर काही क्षण स्पष्ट दिसते. चित्रपटाला तो चेहरा फार वेळ परवडत नाही. नाताळच्या रात्री संदेश येतो : टिम सुखरूप आहे, घरी येत आहे. तिघी एकमेकींना मिठी मारतात आणि कॅमेरा घराबाहेर येऊन मागे मागे जात उजळलेल्या खिडकीसह संपूर्ण वास्तू दाखवतो. दुर्ग अजिंक्य राहिला आहे.

मात्र कॅमेरा बाहेर आला आहे, आणि म्हणून आतले काही प्रश्न त्याला दिसत नाहीत. कर्नल कोठे जाणार? १९४५ च्या शरद ऋतूत जहाजबांधणीच्या कारखान्यांतून स्त्रियांना कमी करण्यात येऊ लागले तेव्हा ॲनचे काय झाले असेल? १९४६ च्या प्रारंभी शिशुकेंद्रांचे संघराज्य अनुदान थांबले, तेव्हा झोफियाच्या शेजारी वेल्डिंग करणाऱ्या तरुण आयांनी मुले कोठे ठेवली? आणि टिम पुन्हा जाहिरातक्षेत्रातील आपल्या पगारावर रुजू झाल्यावर फिडेलियाचे १९४३ सालचे वेतन थकबाकी म्हणून कोणी मांडले का?